फोरमनची माणसं

नायब सुभेदार म्हणून पेन्शनवर आलो, तेव्हा माझी पोस्टिंग एकदाची संपली असं घरच्यांना वाटलं. तसं मलाही वाटलं होतं. कोरगावात काजूचा एक हंगाम बागेत काढला, दोन चुलत्यांची बांधावरची भांडणं सोडवली, आणि मग लक्षात आलं की मला हुकुमाशिवाय सकाळ उजाडत नाही. मी इंजिनिअर्सचा माणूस. डोंगर फोडून रस्ते करण्यात सगळी नोकरी गेलेली. डिचोली तालुक्यातल्या एका लोखंडाच्या खाणीला स्फोटकांच्या कोठारावर भरवशाचा माणूस हवा होता. त्या कोठाराला मॅगझिन म्हणतात. तिथे मी रुजू झालो. तीच माझी शेवटची पोस्टिंग.

स्वातंत्र्यदिनाला गावच्या शाळेत मला बोलावतात. पोरांना लढाईचं ऐकायचं असतं. मी त्यांना सांगतो की माझ्या हाताखालचा सर्वांत चांगला सैनिक लढाईत गेला नाही, तो इथे डिचोलीत गेला. मग हेडमास्तर हळूच माझ्या कानाशी येतात आणि म्हणतात, परबसाहेब, ते खाणीचं नको, फौजेचं सांगा. तीनदा असं झालं. म्हणून हे लिहायला बसलोय. इथे हेडमास्तर मध्ये येत नाहीत.

त्या सैनिकाचं नाव हवालदार भिवा गावस. दोडामार्गच्या बाजूच्या वाडीतला. आमच्या फील्ड कंपनीत तो सेक्शन कमांडर होता. सेक्शन म्हणजे दहाएक जवानांची तुकडी. सिव्हिलमधल्या माणसाला हे पद फार लहान वाटतं, म्हणून त्याचा अर्थ सांगतो. सेक्शनमधला जवान कुठे आहे, जेवला का, आजारी आहे का, हे सेक्शन कमांडरला ठाऊक असतं. त्या जवानाला कोणत्याही कामावर पाठवायचं तर हुकूम सेक्शन कमांडरमार्फतच जातो. कंपनी कमांडरला पाणी हवं असलं तरी तो परस्पर जवानाला हाक मारत नाही. हा मानापानाचा प्रश्न नाही. उद्या दरड कोसळली तर आत कोण आहे, हे एका तरी माणसाला नक्की सांगता आलं पाहिजे.

आणि दरड कोसळायची. ईशान्येकडच्या डोंगरात एका पावसाळ्यात आमच्या रस्त्यावर अर्धा डोंगर आला. भिवाने सेक्शन बाहेर काढलं, फॉल-इन केलं, गिनती घेतली. एक कमी. ऑफिसर म्हणाले, पुढच्या पोस्टवर गेला असेल. भिवा म्हणाला, माझ्या हुकुमाशिवाय तो गेलेला नाही, म्हणजे आत आहे. तो आत शिरला आणि कमरेपर्यंत गाडल्या गेलेल्या जवानाला जिवंत बाहेर काढलं. त्याला कोणी मेडल दिलं नाही. त्यानेही मागितलं नाही. पण त्या दिवसापासून गिनती ही गोष्ट त्याच्यासाठी देवपूजेपेक्षा मोठी झाली.

पेन्शनवर आल्यावर त्याने फोरमनची परीक्षा दिली. खाणीत फोरमन होणं म्हणजे कोणीही उठून व्हावं असं काम नाही. सरकारी सर्टिफिकेट लागतं. खाणीत माणसं सुरक्षित आहेत की नाहीत, हे कायदा फोरमनला विचारतो. कडा धोक्याचा दिसला तर माणसं बाहेर काढण्याचा अधिकारही कायद्याने त्यालाच दिलेला. भिवा पास झाला आणि माझ्याच खाणीवर लागला. पहिल्या दिवशी मॅगझिनवर येऊन त्याने मला सॅल्यूट ठोकला. मी म्हटलं, अरे, आता तू माझ्याहून मोठा. तो हसला नाही. म्हणाला, फोरमन म्हणजे सेक्शन कमांडरच, साहेब.

इथेच त्याची चूक झाली. ती फौजी माणसानेच करावी अशी चूक होती.

कारण खाणीवर सुपरवायझर नावाचं दुसरं एक पद होतं. त्यावर दत्ताबाब होते, मालकांच्या नात्यातले. स्वच्छ पांढरा शर्ट, गळ्यात चेन, जीप. माणूस वाईट नव्हता हो, दिवाळीला सगळ्यांच्या घरी पोह्यांना जायचा. कायद्याच्या पुस्तकात सुपरवायझर हे पदच नाही. त्याला परीक्षा नाही, सर्टिफिकेट नाही, कोणी इन्स्पेक्टर त्याला जाब विचारत नाही. पण हजेरी तो मांडायचा. ओव्हरटाईम कोणाला, सुट्टी कोणाला, कोणाच्या भावाला पुढच्या हंगामात घ्यायचं, हे सगळं त्याच्या हातात. कामगाराला हे बरोब्बर कळलेलं होतं. फोरमनने थांब म्हटलं की तो आधी दत्ताबाबांच्या तोंडाकडे बघायचा. म्हणजे माणसांचा जीव भिवाच्या खात्यावर होता आणि माणसं दत्ताबाबांच्या. कोणी ठरवलं असं? कोणीच नाही. सगळ्या खाणींवर असंच चालायचं आणि त्यात कोणाला काही खटकत नव्हतं.

भिवाला खटकलं. त्याने रोज सकाळी गँग उभी करून गिनती घ्यायला सुरुवात केली. एक, दोन, तीन करत शेवटचा माणूस अकरा म्हणायचा. कामगार आधी खूप हसले. आमोण्याचा पांडू नावाचा एक तरतरीत गडी होता, तो मुद्दाम छाती फुगवून ओरडायचा. पण महिन्याभरात त्यांना त्याची सवय झाली. काम संपल्यावर कोणी गिनती दिल्याशिवाय घरी जाईना. पांडू तर भिवाच्या डब्यातली चटणी आणि आपला उंडो, म्हणजे गोव्याचा गोल पाव, वाटून खायला लागला.

भिवा आणि दत्ताबाब यांच्यात ठिणगी पडायचीच होती. एकदा दत्ताबाबांनी चालत्या कामावरून दोघांना उचलून आपल्या घरी नारळ पाडायला नेलं. भिवाला दुपारी कळलं. तो सरळ ऑफिसात गेला, मी तिथेच होतो. त्याने शांतपणे सांगितलं की गँगमधला माणूस हलवायचा असेल तर आधी मला कळवायचं. दत्ताबाब खुर्चीत मागे रेलले. त्यांना राग आला नव्हता, गंमत वाटली होती.

"भिवा, तूं सेफ्टी पळय," ते म्हणाले. "मनशांचें हांव पळयतां."

भिवा म्हणाला, "माणसां सोडून सेफ्टी कसली बघू?"

यावर तिथेच बसलेले खाणीचे मॅनेजर हसले आणि त्यांनी चहा मागवला. विषय तिथेच संपला. त्यांच्यासाठी संपला, असं म्हणतो.

गोवा राज्य झालं, त्या मे महिन्यातली ही गोष्ट. भाषेचा वाद जरा कुठे थंडावला होता. आमच्याच चहाच्या टपरीवर मराठीवाले एका बाकावर आणि कोंकणीवाले दुसऱ्या बाकावर बसायचे, आणि दोन्हीकडची माणसं एकमेकांना शिव्या मात्र एकाच भाषेत द्यायची. आता सगळीकडे नवं राज्य, नवे बोर्ड. 'गोवा, दमण आणि दीव' खरवडून नुसतं 'गोवा' लिहायचं. खाणीला मात्र वेगळीच घाई होती. पावसाळा लागला की नदीतून लोखंड नेणाऱ्या बार्जेस बंद, मुरगावचं जहाज बंद. त्याआधी जितकं लोखंड नदीवर पोचेल तितकं पोचवायचं. टिपर दिवसभर धावत होते, लाल धूळ भातातसुद्धा लागत होती.

त्यात वळवाचा पाऊस झाला. आदल्या संध्याकाळी जोराची सर आली आणि सकाळी कडक ऊन. खाणीचा उत्तरेचा कडा असल्या वेळी सर्वांत वाईट. पाणी आत मुरतं आणि माती वरून सुकते. भिवाने सकाळी कडा पाहिला, वर एक भेग होती. त्याने तिच्यावर ओल्या मातीचा लेप लावला. लेप फुटला तर भेग वाढतेय हे कळतं. मग गिनती घेऊन गँग खाली नेली, पण कड्यापासून लांब कामाला लावली. मॅगझिन खड्ड्याच्या पलीकडच्या काठावर होतं. तिथून मला सगळं दिसायचं. ऑफिस, पिट म्हणजे खाणीचा खड्डा, आणि मॅगझिन अशा तीन ठिकाणी वायरलेस सेट होते. एकाचं बोलणं तिघांनाही ऐकू यायचं.

जेवणाच्या सुट्टीच्या थोडं आधी सेट खरखरला. सेटवर भिवा नेहमी फौजी हिंदीत बोलायचा. त्या वेळी मालवणीत बोलला, तेव्हाच मी उभा राहिलो.

"साहेब, लेप फुटलो. भेग वाढता हा. गँग भायर काढतंय."

मी म्हटलं, "काढ. ओव्हर."

त्याने शिट्टी वाजवली. माणसं या वेळी कोणाच्या तोंडाकडे न बघता सरळ निघाली. एवढं तरी त्याने त्या गिनतीतून कमावलं होतं. रॅम्पवरून सगळे वर आले, टिपरवाले आपापल्या गाड्या सोडून पळाले. वरच्या सपाटीवर भिवाने त्यांना उभं केलं. मला पलीकडून गिनती ऐकू आली नाही, पण ती संपल्यावर भिवा ज्या तऱ्हेने वळला, ते मी एकदा डोंगरात पाहिलेलं होतं.

"पिट टू ऑफिस. एक आदमी कम है. पांडू उधर है क्या? ओव्हर."

ऑफिसातून शिपायाचा आवाज आला. म्हणाला, इथे कोणी नाही, सुपरवायझर जीप घेऊन बाहेर गेलेत.

"सुपरवायझर किधर गया? ओव्हर."

म्हायत ना, म्हणजे ठाऊक नाही, असं उत्तर आलं. मी मध्ये पडलो. भिवाला म्हटलं, वेट, मी माणूस धाडून चौकशी करतो. मी एका वॉचमनला ऑफिसकडे पळवलाही. भिवाने माझं ऐकून घेतलं. रॉजर म्हणाला. मग सेट पांडूच्या शेजारी काम करणाऱ्या गड्याच्या हातात दिला आणि रॅम्प उतरू लागला. मी सेटवरून त्याचं नाव घेऊन हॉल्ट म्हणून ओरडलो. सेट त्या गड्याच्या हातात होता. त्याने तो भिवाच्या दिशेने उंच धरला, पण भिवा थांबला नाही.

खड्डा रिकामा होता. सगळ्या मशिनरी बंद. अशा वेळी खाणीत आवाज फार लांब जातो. तो मोठ्या टिपरच्या मागे बघून आला, मग पंपाच्या खोपटीकडे गेला, जिथे माणसं कधीकधी सावलीला बसतात. खोपटी कड्याच्या पायथ्याशी होती. तो हाका मारत होता. त्याच्या हाका मला पलीकडच्या काठावर स्पष्ट ऐकू आल्या. कडा आधी वरून थोडा सरकला आणि मग सगळा एकदम खाली बसला.

त्या वेळी पांडू रस्त्यावर, खाणीच्या मोठ्या बोर्डासमोर शिडीवर उभा होता. त्याचं अक्षर सुंदर होतं. दुसऱ्या दिवशी मालकांकडे नव्या राज्याचे कोणी पाहुणे यायचे होते. दत्ताबाबांनी त्याला टिपरच्या वाटेवरून परस्पर जीपमध्ये घातलं होतं, रंगाचा डबा देऊन बोर्डाकडे सोडलं होतं आणि स्वतः डिचोलीला मिठाई आणायला गेले होते. फोरमनला सांगावं असं त्यांच्या मनातही आलं नाही. मनशांचें ते पळयत होते ना.

भिवाला आम्ही संध्याकाळी बाहेर काढला. माझ्या हातांनी काढला. त्याबद्दल यापेक्षा जास्त लिहीत नाही.

मग चौकशी झाली. इन्स्पेक्टर बाहेरून आलेले, सभ्य गृहस्थ. त्यांनी नियमाप्रमाणे प्रश्न विचारले. खाणीच्या सुरक्षिततेची जबाबदारी कोणाची? फोरमनची. माणसं बाहेर काढायचा हुकूम कोणी दिला? फोरमनने. बाहेर काढल्यानंतर धोक्याच्या जागी कोणालाही जायला मनाई असते, ते फोरमनला माहीत होतं का? होतं. मग आत कोण गेलं? प्रत्येक उत्तर खरं होतं आणि प्रत्येक उत्तर मेलेल्या माणसावर एकेक दगड ठेवत होतं. मी सांगितलं की सुपरवायझरने माणूस परस्पर हलवला, म्हणून हे झालं. इन्स्पेक्टरांनी दत्ताबाबांना त्यांचं काम विचारलं. ते नम्रपणे म्हणाले, माझ्याकडे तशी काही जबाबदारी नाही, मी फक्त माणसांची सोय बघतो. यात एक अक्षर खोटं नव्हतं. मला त्या क्षणी त्यांची मान पकडावीशी वाटली. अजूनही वाटते.

मग पांडूला उभं केलं. सगळं त्याच्यावर होतं. मला दत्ताबाबांनी नेलं, एवढं एक वाक्य तो बोलला असता तर भिवाचं नाव स्वच्छ राहिलं असतं. तो जमिनीकडे बघत होता. त्याचा थोरला भाऊ त्याच खाणीवर टिपर चालवायचा.

"हांवूच गेल्लों," तो म्हणाला. "कोणें धाडूंक ना." म्हणजे स्वतःच गेला, कोणी पाठवलं नाही.

रिपोर्ट आला. फोरमनला आपल्या गँगवर शिस्त ठेवता आली नाही, कामगार त्याच्या नकळत कामावरून निघून गेला, आणि फोरमनने स्वतः सुरक्षा नियम मोडून धोक्याच्या जागी प्रवेश केला. गँगवर शिस्त नाही, असं भिवा गावसबद्दल लिहिलं. ते वाचून मी मॅनेजरच्या टेबलावर मॅगझिनच्या किल्ल्या ठेवल्या. त्यांनी मला थांबवलं आणि विचारलं, आता फोरमनची जागा रिकामी आहे, तुम्ही परीक्षा देता का? मी म्हटलं, देतो, पण माझ्या परवानगीशिवाय सुपरवायझर माझा माणूस हलवणार नाही, हे कबूल करा. ते म्हणाले, परबसाहेब, ही काय फौज आहे? मी घरी आलो.

बरीच वर्षं गेली. एका दुपारी पांडू कोरगावला माझ्या दारात उभा राहिला. केस पांढरे झालेले. मी त्याला आत ये म्हटलं नाही. मन एवढं मोठं नाही माझं. तो पायरीवरच बसला. मग भिवाचे शेवटचे शब्द विचारले,

"साहेब, निमाणें ताणें कितें म्हळें?"

मी त्याला काही सोपं सांगू शकलो असतो. नाही सांगितलं. म्हटलं, "तुझं नाव घेत होता. 'पांडू, खंय आसस रे?' म्हणत होता. खोपटीशी पोचला तेव्हा ओरडत नव्हता. झोपलेल्या माणसाला उठवावं तशी हाक मारत होता."

पांडू गुडघ्यांत तोंड घालून रडला. मी रडू दिलं. तोंड पुसून झाल्यावर त्याने मला एकच गोष्ट मागितली, आपल्याला भिवाच्या घरी घेऊन चला. दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीने गेलो.

भिवाची बायको अंगणात कोकमाची सोलं वाळत घालत होती. मी फक्त त्याचं नाव सांगितलं. पांडू उभ्याउभ्या बोलला.

"वहिनी, दत्ताबाबान म्हाका धाडिल्लो. चवकशेंत हांव फट उलयलों. फोरमनाची चूक नाशिल्ली."

तिने हातातली सोलं सुपात ठेवली. आवाज चढवला नाही.

"माका कित्याक सांगतस? माका ठावक होता. मी तेका वळखत होतंय," ती म्हणाली. "जय खोटा बोललस, थय जाऊन सांग."

आम्हाला तिने पाणी दिलं. चहा दिला नाही, आणि ते बरोबरच होतं.

पांडू खाणीवर गेला. मी त्याच्यासोबत होतो. सकाळच्या हजेरीच्या वेळी, सगळे कामगार जमलेले असताना तो ऑफिससमोर उभा राहिला आणि मोठ्याने बोलला. दत्ताबाब तोवर मॅनेजर झाले होते. ते बाहेर आले, त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले की जुनं आहे, फाईल बंद झालीय, आता उकरून कोणाचं भलं होणार? कोणीतरी खोकलं. मग हजेरी सुरू झाली आणि माणसं आपापल्या नावाला ओ देऊन कामाला गेली. बहुतेक पोरं नवी होती. त्यांनी भिवाला पाहिलेलंही नव्हतं.

रिपोर्ट बदलला नाही. बदलणारही नाही. आमच्या रेजिमेंटच्या मेळाव्यात शहिदांची नावं वाचतात, त्यात भिवाचं नाव बसत नाही. तो सर्व्हिसमध्ये नव्हता, आणि मेला तो खासगी खाणीवर. नियम मला समजतात, जन्मभर पाळले आहेत. तरी शेवटचं नाव वाचून झालं आणि सगळे सावधानमध्ये उभे असले की मी माझ्या जागेवरून आणखी एक नाव घेतो. हवालदार भिवा गावस, फोरमन. पहिल्या वर्षी पुढच्या रांगेतल्या कर्नलसाहेबांनी वळून पाहिलं होतं. गेल्या वर्षी माझ्या शेजारी पांडू उभा होता, फौजेशी काडीचा संबंध नसलेला, आणि ते नाव माझ्या आधी त्याने घेतलं.